नकाशा हँडलबारवर: ओमानमधील माउंटन बाइक ओरिएंटिअरिंगची पहिली ओळख

माउंटन बाइक ओरिएंटिअरिंग हा मुळात नकाशा वाचण्याचा खेळ आहे. सायकल त्यात वाहन म्हणून येते. निघण्याच्या क्षणी स्पर्धकाच्या हाती एक नकाशा पडतो. त्यावर जांभळट रंगात एक त्रिकोण, क्रमांक घातलेली काही वर्तुळे आणि शेवटी एक दुहेरी वर्तुळ छापलेले असते. त्रिकोण म्हणजे आरंभ आणि दुहेरी वर्तुळ म्हणजे अखेर. मधल्या प्रत्येक वर्तुळाच्या केंद्राशी एक 'कंट्रोल' असतो: नारिंगी-पांढऱ्या कापडाची खूण आणि तिच्यासोबत हजेरी टिपणारे छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र. कंट्रोल दिलेल्या क्रमानेच गाठायचे असतात. मात्र एकापासून दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने जायचे हे आयोजक सांगत नाहीत, आणि दिशा शोधण्यासाठी जीपीएस वापरण्यास नियमाने मनाई असते. वाट निवडण्याची जबाबदारी सर्वस्वी स्पर्धकाची. बहुतेक शर्यतींचा निकाल पायांच्या ताकदीइतकाच या निवडीवर ठरतो.

खेळाचा उगम स्कँडिनेव्हियातील लष्करी सरावात आहे. नागरिकांसाठीची पहिली स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत झाली. स्वीडनमधील मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ भरवलेल्या मोठ्या स्पर्धेनंतर त्याला आजचे रूप येत गेले. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ साली कोपनहेगन येथे स्थापन झाला. सायकलवरील प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा बरीच उशिरा, २००२ मध्ये, फ्रान्समधील फोंतेनब्लो येथे भरली. महासंघ आज चार प्रकारांना मान्यता देतो: पायी, स्कीवर, माउंटन बाइकवर, आणि 'ट्रेल' हा चौथा प्रकार, ज्यात वेगापेक्षा अचूक निरीक्षणाला महत्त्व असल्याने व्हीलचेअरवरील स्पर्धकही बरोबरीने उतरतात.

हा सारा इतिहास उत्तरेकडच्या दाट जंगलांचा आहे. समोरचे दिसत नाही, म्हणून नकाशा लागतो, हे तिथले साधे गणित. ओमानमध्ये परिस्थिती नेमकी उलटी आहे आणि पहिल्यांदा उतरणाऱ्याची फसगतही इथेच होते.

उघडा मुलूख, लपलेली वाट

मस्कतमध्ये नोकरी-व्यवसायानिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत सायकल चालवणारे आता बरेच आहेत. शुक्रवारी पहाटे किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर शिरस्त्राण घातलेली मंडळी दिसतात. २०१० साली सुरू झालेल्या 'टूर ऑफ ओमान'मुळे डांबरी रस्त्यावरच्या सायकलिंगला इथे प्रतिष्ठाही मिळाली. त्या शर्यतीतील जबल अल अख्दरचा चढ, ५.७ किलोमीटरचा आणि सरासरी साडेदहा टक्के उताराचा, हौशी सायकलस्वारांच्या बोलण्यात वारंवार येतो. डांबर सोडून खडीच्या रस्त्यावर आणि पुढे पायवाटेवर येणारे मात्र थोडे. त्यातले अनेक जण पुणे, नाशिक, साताऱ्याकडून सह्याद्रीच्या भटकंतीची सवय घेऊन आलेले असतात. ही सवय ओमानमध्ये अर्धी उपयोगी पडते आणि अर्धी आड येते.

सह्याद्रीत वाट चुकते ती कारवीमुळे, गवतामुळे, धुक्यामुळे. डोळ्यांसमोर दहा ढोरवाटा फुटतात, त्यांतली एकच गावाकडे जाते आणि बाकीच्या माणसाला चकव्यात पाडतात. उपायही ठरलेला आहे: गुराखी दिसेपर्यंत थांबायचे आणि त्याला विचारायचे. हजर पर्वतात झाडोरा जवळजवळ नाही. तीन किलोमीटरवरचा कंट्रोल ज्या टेकडीच्या पायथ्याशी आहे ती टेकडी आरंभापासूनच स्वच्छ दिसते. नवख्याला वाटते, दिसते आहे म्हणजे पोहोचता येईल. मग तो सरळ रेघ धरतो, आणि अर्ध्या किलोमीटरवर एक वादी आडवी येते. तिचे काठ उभे, पात्रात डोक्याएवढे गोल धोंडे, पलीकडच्या काठावर चढायला जागा नाही. सायकल खांद्यावर येते. ओमानच्या भूप्रदेशात अंतर कापण्याची किंमत वाद्या ठरवतात. डोळ्यांना दिसणाऱ्या सरळ रेषेला तिथे फारसा अर्थ नसतो.

जमिनीचे प्रकारही वेगवेगळे आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. मस्कतच्या दक्षिणेला अमरात आणि त्यापलीकडे सैह हतात हा डोंगरांनी वेढलेला खोलगट प्रदेश आहे. त्यातील खडीचे सपाट पट्टे सायकलला मानवतात. सरकारी यंत्रांनी सपाट केलेले कच्चे रस्ते नकाशावर राजमार्गासारखे दिसतात, पण वाहनांच्या वर्दळीने त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या असतात आणि तासभरात मनगटे बधिर होतात. जबल अख्दरवर सैक पठाराच्या आसपास चुनखडकाच्या धारदार कडा टायरची बाजू कापतात. पूर्वेच्या शर्किया वाळवंटातील मऊ वाळूत तर साधी माउंटन बाइक चालतच नाही. तिथे हा खेळ खेळण्याचा अट्टहास करू नये.

नकाशावरच्या तुटक रेघा

या खेळाचा नकाशा ट्रेकच्या नकाशापेक्षा वेगळा असतो आणि पहिल्या प्रयत्नाआधी एवढे एक शिकून घेतले तरी पुष्कळ झाले. पायी ओरिएंटिअरिंगच्या नकाशात झाडी, खडक, खड्डे यांचे बारकावे असतात. सायकलच्या नकाशात वाटा राजा. नकाशाचे प्रमाण शर्यतीच्या प्रकारानुसार साधारण १:५,००० ते १:३०,००० या दरम्यान असते. दीड मीटरहून रुंद वाट जाड रेघेने आणि अरुंद वाट बारीक रेघेने काढतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक वाटेवर सायकल किती वेगाने चालेल हे रेघ किती तुटक आहे यावरून कळते. अशा चार श्रेणी आहेत. अखंड रेघ असलेल्या वाटेवर स्पर्धकाला आपल्या पूर्ण वेगाच्या ७५ ते १०० टक्के वेग ठेवता येतो. लांब तुकड्यांच्या रेघेवर ५० ते ७५ टक्के. आखूड तुकड्यांवर २५ ते ५०. आणि ठिपक्यांसारख्या रेघेवर २५ टक्क्यांहूनही कमी, म्हणजे बहुधा उतरून ढकलावे लागते.

याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. समजा, सपाट कच्च्या रस्त्यावर एखाद्याचा वेग ताशी २० किलोमीटर आहे. दोन कंट्रोलांमध्ये वादीच्या पात्रातून जाणारी १.२ किलोमीटरची ठिपक्यांची वाट आहे आणि वळसा घालून जाणारा ३ किलोमीटरचा अखंड रेघेचा रस्ता आहे. ठिपक्यांच्या वाटेवर अगदी उत्तम चालले तरी वेग ताशी ५ किलोमीटर, म्हणजे १४ मिनिटांहून थोडे अधिक. रस्त्यावर ९० टक्के वेग धरला तर ताशी १८ किलोमीटर, म्हणजे १० मिनिटे. अडीच पट लांबीचा मार्ग चार मिनिटे आधी पोहोचवतो. शिवाय स्वार पुढच्या कंट्रोलकडे ताज्या पायांनी निघतो. चढउतार यात धरलेला नाही. तो धरायचा तर समोच्च रेषा मोजाव्या लागतात आणि सायकलवर बसून हे करता येत नाही. म्हणून अनुभवी स्पर्धक कंट्रोलशी पोहोचण्याआधीच पुढच्या टप्प्याची वाट ठरवून ठेवतात. कंट्रोलपाशी थांबून नकाशात डोके खुपसून बसलेला माणूस बहुधा नवखा असतो, आणि त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. घाईघाईने चुकीच्या दिशेला निघण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

वाट सोडून मोकळ्या जमिनीवरून सायकल हाकता येईल का, हे प्रत्येक स्पर्धेचे आयोजक सांगतात आणि नकाशावरही दाखवतात. परवानगी नसेल तिथे वाट सोडली तर स्पर्धक बाद होतो. ओमानमध्ये यामागे निसर्गाचेही कारण आहे: खडीच्या मैदानावर उमटलेली चाकोरी पुसायला तिथे पावसाळा येत नाही.

नकाशा धरण्यासाठी हँडलबारवर फिरणारी एक चौकट बसवतात. रस्ता वळला की चौकट फिरवायची, म्हणजे नकाशावरची पुढची दिशा आणि समोरची दिशा नेहमी एकच राहते. उत्तर वरच्या बाजूला ठेवून नकाशा वाचण्याची शाळेतली सवय इथे मोडावी लागते. गाडीत बसून फोनच्या आवाजावर वळणाऱ्यांना हे पहिल्या अर्ध्या तासात जड जाते. मग हात आपोआप चालू लागतो.

होकायंत्राची गरज सायकलवर त्या मानाने कमी, तरी ते जवळ असावे. या खेळाचे नकाशे चुंबकीय उत्तरेला धरूनच काढलेले असतात, त्यामुळे सुई आणि नकाशा यांचा मेळ घालण्यासाठी वेगळी वजाबाकी लागत नाही. ओमानमध्ये दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे. एक म्हणजे सायकलचे पोलादी भाग आणि हँडलबारवरचा फोन सुईला ओढतात. होकायंत्र हातात, सायकलपासून दूर धरून वाचावे. दुसरी गोष्ट भूगर्भाची. हजर पर्वताचा मोठा भाग एके काळी समुद्रतळाखाली असलेल्या आणि पुढे जमिनीवर ढकलल्या गेलेल्या खडकाचा आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड खडकात कोंडण्याच्या प्रयोगासाठी २०२२ चा अर्थशॉट पुरस्कार मिळवणारी ओमानी कंपनी याच पेरिडोटाइट खडकावर काम करते. या खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज आढळते आणि अशा काळ्या-तपकिरी कड्यांलगत सुई थोडी विचलित होऊ शकते. तिथे सूर्याची मदत घ्यावी. कर्कवृत्त मस्कतच्या किंचित दक्षिणेकडून जाते, त्यामुळे हिवाळ्यात माध्यान्हीची सावली नेमकी उत्तरेकडे आणि चांगली लांब पडते.

वाटेत कोणाला विचारायची वेळ आली तर एक गंमत ध्यानात ठेवावी. मराठीतला 'नकाशा' हा शब्द मूळ अरबी 'नक्श'पासून फारसीच्या वाटेने आला. पण ओमानी माणूस आज नकाशाला 'खरीता' म्हणतो.

पाणी: अति कमी आणि अति जास्त

ओमानमध्ये पाण्याचे दोन धोके आहेत आणि दोन्ही जीवघेणे आहेत.

पहिला उन्हाचा. मस्कतच्या आग्नेयेकडील कुरय्यात येथे २६ जून २०१८ रोजी चोवीस तासांतले किमान तापमान ४२.६ अंश सेल्सिअस नोंदले गेले. म्हणजे मध्यरात्रीसुद्धा पारा त्याखाली उतरला नाही. जून ते ऑगस्ट या काळात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरील कामाला सरकारी बंदी असते, हे बांधकाम क्षेत्रातील वाचकांना ठाऊक आहेच. खेळाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. त्यातही पहाटे निघून ऊन चढण्याआधी परतणे शहाणपणाचे. दर तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागेल असे धरावे, आणि वाट चुकल्यास लागणारे पाणी त्याशिवाय वेगळे बाळगावे. हा वेगळा साठा शर्यतीच्या वेळेसाठी वापरू नये. एकटा नवखा स्वार बहुधा इथेच चुकतो: तो ठरलेल्या अंतरापुरते पाणी घेतो, चुकणार असलेल्या अंतरापुरते घेत नाही.

दुसरा धोका वादीच्या पुराचा. उघड्या खडकावर पडलेला पाऊस मुरत नाही. डोंगरात कोसळलेली सर खाली काही वेळाने, कधी निरभ्र आकाशाखाली, भिंतीसारखी येते. गोनू (जून २००७) आणि शाहीन (ऑक्टोबर २०२१) ही चक्रीवादळे अनेकांनी इथे अनुभवली आहेत. पण धोका वादळापुरता मर्यादित नाही. १४ एप्रिल २०२४ रोजी उत्तर शर्कियातील समद अश-शान भागात वाहनासह पुरात सापडून शाळकरी मुलांचा मृत्यू झाला आणि सारा देश हळहळला. वाहत्या वादीत वाहन घालणे ओमानच्या वाहतूक कायद्यानुसार शिक्षापात्र आहे. सायकलस्वाराने तर पाणी घोट्यापर्यंत असले तरी पात्रात उतरू नये. प्रवाहाला चाकांचा आडवा अडसर मिळाला की सायकल आधी जाते आणि तिला धरू पाहणारा मागोमाग.

म्हणून शर्यत असो वा सराव, नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या हवामान विभागाचा इशारा आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी पाहावा. डोंगरावर पावसाची शक्यता असेल तर वाद्यांतून जाणारा बेत रद्द करावा. त्या दिवशी खाली मस्कतमध्ये आभाळ निळे असेल, चहाच्या टपरीवर कोणी हसेलही; हरकत नाही. कंट्रोल आखणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते: वादीच्या पात्रात कंट्रोल ठेवायचाच तर तिथून काठावर चढण्याची सोपी वाट जवळ हवी.

अडचण आल्यास ओमानमधील आपत्कालीन क्रमांक ९९९९. पण अरुंद वाद्यांत फोनला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून परतीची वेळ आणि भाग घरी लिहून ठेवणे हा सर्वांत जुना आणि खात्रीचा उपाय.

पहिला प्रयत्न कसा करावा

थेट क्रमवार शर्यतीत उतरण्यापेक्षा गुणांच्या प्रकारापासून सुरुवात करावी. त्यात कंट्रोल विखुरलेले असतात, प्रत्येकाला गुण असतात आणि ठरलेल्या वेळात, समजा दीड तासात, जमतील तितके कोणत्याही क्रमाने गाठायचे. उशीर झाला की गुण कापले जातात. याच कल्पनेवर ऑस्ट्रेलियात १९७६ मध्ये 'रोगेनिंग' हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. रॉड, गेल आणि नील या तिघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव पडले. थकलेल्याला लवकर परतता येते आणि कोणी हरवल्याची भावना घेऊन घरी जात नाही, म्हणून नवख्यांच्या गटाला हा प्रकार मानवतो.

मोठा आयोजक लागतोच असे नाही. चार-पाच जणांच्या गटाला 'ओपनस्ट्रीटमॅप'च्या आधारे नकाशा छापून देणारी 'ओपनओरिएंटिअरिंगमॅप' ही मोफत सोय संकेतस्थळावर आहे. 'मॅपरन' या ॲपमध्ये आभासी कंट्रोल ठेवता येतात: फोन खिशात असतो, स्वार कागदी नकाशा पाहून चालवतो आणि ठिकाण गाठले की फोन आवाज करतो. त्यामुळे डोंगरात कापडाच्या खुणा लावायला आणि काढायला कोणाला जावे लागत नाही. या नकाशांत वाटेची सायकलयोग्यता मात्र भरवशाने दिलेली नसते. गटातील एकाने आधी जाऊन वाटा तपासाव्यात आणि त्यांची श्रेणी हाताने लिहावी. हे काम करणाऱ्याला त्या दिवशी स्पर्धा करता येत नाही, तरीही सर्वांत जास्त शिकतो तोच. पर्यटन खात्याने पांढऱ्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांनी आखलेल्या ट्रेकच्या वाटा, उदाहरणार्थ मत्रहजवळची रियाम ते मत्रह ही सी-३८, पायी चालणाऱ्यांसाठी आहेत. त्यांवर सायकल नेण्याचा मोह टाळावा.

सायकल पुढच्या चाकाला शॉक-ॲब्सॉर्बर असलेली साधी माउंटन बाइक चालेल. खर्च करायचाच तर टायरवर करावा. समुर, म्हणजे बाभळीच्या कुळातला इथला काटेरी वृक्ष, आणि सिद्र, म्हणजे आपल्या बोरीचा नातलग, या दोघांचे वाळलेले काटे खडीत लपून बसतात. ट्यूब नसलेले, आत चिकट द्रव भरलेले टायर छोटी छिद्रे स्वतःच बुजवतात. ते नसतील तर दोन ट्यूब आणि पंप जवळ हवेत. हेल्मेट सक्तीचे. सायकल बिघडली तरी ती टाकून पायी पुढे जाता येत नाही: नियमानुसार ती शेवटपर्यंत सोबत असावी लागते, मग चालवा, ढकला किंवा उचला.

गावांतून जाताना थोडा विवेक लागतो. ओमानमध्ये मे २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदीजवळून घोळक्याने सायकली दामटणे असभ्य ठरते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. खजुरीच्या बागांतून वाहणारे फलज म्हणजे सार्वजनिक पाण्याची व्यवस्था आहे. त्यांतील पाच फलजांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. निझ्वाजवळचा फलज दारिस त्यांतलाच. पाटाच्या वरच्या टोकाचे पाणी पिण्याचे, आंघोळ आणि शेती त्याखाली, अशी परंपरेने लावलेली विभागणी असते. तिथे चिखलाने भरलेले टायर धुणे म्हणजे कोणाच्या तरी घागरीत पाय बुडवण्यासारखे. लष्करी आवारांजवळ कंट्रोल ठेवू नयेत आणि छायाचित्रेही घेऊ नयेत. सैक पठाराकडे जायचे असेल तर बिरकत अल मौझ येथील पोलीस चौकीवर चारही चाकांना गती देणारे वाहनच पुढे सोडले जाते, हे सायकली लादण्याआधी लक्षात घ्यावे.

पहिल्या दिवशी सगळे कंट्रोल सापडले नाहीत तरी चालते. शर्यत संपल्यावर नकाशावर पेनने आपली प्रत्यक्ष वाट आखून इतरांशी ताडून पाहण्याची प्रथा या खेळात जगभर आहे. कोणी वळसा घेतला आणि कोणी वादीत अडकला हे त्या रेघांतून दिसते. शर्यत अर्ध्यावर सोडणाऱ्यालाही एक बंधन असते: त्याने अखेरच्या ठिकाणी येऊन आपण परतल्याची नोंद करायची. नोंद नसेल तर तो डोंगरातच आहे असे धरून आयोजक शोधपथक पाठवतात.